बोस्टनमधली पारख

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात परदेशातून आलेली कुटुंबं दाटीवाटीनं राहायची. पोरगा हाताशी आला की जिथे जागा रिकामी दिसेल तिथे चिकटायचा, मग ते काम त्याला मानवो वा न मानवो. अशा तरुणांसाठी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८च्या जानेवारीत तिथल्या सिव्हिक सर्व्हिस हाउसमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं.

पार्सन्स स्वतः इंजिनिअर, शिक्षक, वकील अशी वळणं घेत आलेले.

समोर बसलेल्या मुलाला ते प्रश्नांची लांबलचक यादी देत: आवडी, वाचन, स्मरणशक्ती, सवयी. आरशात स्वतःला नीट न्याहाळायचं, मित्रांनाही आपले दोष विचारायचे. बोलता बोलता पार्सन्स त्याच्या डोक्याची ठेवणही पाहत. डोक्याच्या ठेवणीवरून माणूस ओळखायचा हा ठोकताळा पुढे शास्त्रानं साफ मोडीत काढला. मूळ मांडणी मात्र टिकली: स्वतःची पारख, कामाची माहिती आणि दोहोंचा डोळसपणे घातलेला मेळ. निर्णय ज्याचा त्यानंच घ्यायचा, हा त्यांचा आग्रह सगळ्यात मोलाचा.

केंद्र उघडलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारले. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्यांचं पुस्तक १९०९मध्ये, त्यांच्या पश्चात छापून आलं.