काच काळी, पण कशाला काळी?

शाळेच्या वाटेवर ग्रिल बनवणाऱ्याचे वर्कशॉप असते. वेल्डिंगचा लखलखाट दिसला की मुले थबकतात. कारागिराच्या डोळ्यांवर कधी साधा काळा चष्मा असतो, कधी तोही नसतो. साधा काळा चष्मा का पुरत नाही? उत्तरासाठी आपण काचेच्या भट्टीपाशी जाऊ या.

भट्टीसमोर वर्षानुवर्षे राबणाऱ्या काचकामगारांना मोतीबिंदू अधिक होतो, हे इंग्लंडमध्ये लक्षात आले होते. रॉयल सोसायटीने त्यासाठी नेमलेल्या समितीत विल्यम क्रुक्स होते. १८६१ मध्ये थॅलियम शोधणारे तेच हे क्रुक्स. निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून त्यांनी ३०० हून अधिक काचा तपासल्या आणि १९१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेरियम घातलेली काच जवळजवळ रंगहीन, पण अतिनील किरण अडवणारी! उष्णतेच्या अवरक्त किरणांसाठी लोह उपयोगी पडले. म्हणजे नुसत्या रंगावरून काच काय अडवते, हे कळत नाही.

म्हणूनच वेल्डिंगच्या मुखवट्यातील काचेला क्रमांक असतो. १० क्रमांकाची काच दृश्य प्रकाशाचा सुमारे सात हजारावा भागच आत सोडते. अदृश्य किरणांसाठी मर्यादा वेगळ्या. विद्युतप्रवाह वाढला की क्रमांकही वरचा घ्यावा लागतो.

उघड्या डोळ्यांनी हा लखलखाट पाहिला तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. ‘काही होत नाही’ हा मुलांचा अनुभव म्हणूनच फसवा आहे. त्यांना हे आपणच सांगायला हवे.