लांब तारेत हरवणारा सूर

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत फार झाले. माइकची तार आखूड असली की बोलणे खणखणीत ऐकू येई. तीच तार दूरवर ओढली की शब्द गोधडीआडून आल्यासारखे वाटत. बोलणारे आम्हीच, मग खणखणीतपणा कुठे गेला? हा प्रश्न जुना आहे.

१८५८ साली आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये समुद्रतळावरून तार टाकण्यात आली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. आत तांबे, भोवती आवरण, बाहेर खारे पाणी, अशी ती तार म्हणजे विजेचा एक लांबलचक रांजणच होता. प्रत्येक ठोका आधी रांजण भरी, मग पुढे सरके; ठोके एकमेकांत मिसळत. व्हाइटहाउस यांनी दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत नेला. तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली.

खरे उत्तर ऑलिव्हर हेविसाइड यांनी दिले. जन्म १८५०, लंडनच्या गरीब घरात. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारमास्तरकी केली, १८७४ मध्ये तीही सोडली आणि घरी बसून गणित स्वतःच शिकले. १८८७ साली त्यांनी दाखवले की, तारेत वेटोळ्यांचा गुण, म्हणजे इंडक्टन्स, योग्य प्रमाणात वाढवला तर उंच व खालचे सूर विस्कटल्याशिवाय पोचतील. टपाल खात्यातील बडे अधिकारी विल्यम प्रीस यांनी तो निबंध प्रसिद्ध होऊ दिला नाही. पुढे अमेरिकेत पुपिन यांनी याच तत्त्वावर पेटंट घेतले व पैसाही मिळवला. शाळा न शिकलेल्याचे खरे म्हणणेही असे अडते, हे आम्हां कामगारांना नव्याने सांगायला नको.

आता विजेची गिटार पाहा. तारांखालच्या पिकअपमध्ये बारीक तांब्याचे हजारो वेढे असतात. त्याची वीज दुबळी. साध्या केबलचा दर मीटर सुमारे १०० पिकोफॅरड एवढा रांजण भरता भरता उंच सूर गळतात. १९६२ साली मायस्ट्रो फझ-टोन बाजारात आले, आणि पुढे वादकाच्या पायाशी पेडलांची रांगच लागली. काही जुनी वाह-पेडले बंद असतानाही सूर खातात. 'ट्रू बायपास' पेडल स्वतः खात नाही. पण सगळी बंद असली की साऱ्या केबलींची लांबी एकत्र होऊन एकट्या गिटारवर पडते.

येथे रोग हेविसाइडांच्या तारेशी नात्यातला, औषध मात्र निराळे. रांगेच्या आरंभी बफर ठेवावा. त्याचा आत येण्याचा अडथळा सुमारे दहा लाख ओहम, म्हणून तो गिटारकडून फारच थोडे घेतो. आणि पुढची केबल स्वतःच्या बळावर पेलतो. अपवाद १९६६ च्या फझ फेससारख्यांचा. त्यांना गिटार थेट हवी. बफर त्यांच्यामागे लावावा. केबली आखूड ठेवाव्या, आणि शेवटी ॲम्प्लिफायरची कळ पिळून भरपाई करू नये. तिने सुराबरोबर खरखरही वाढते.

कामगाराची तक्रार सहा टेबलांवरून वर जाते, तेव्हा तिचीही धार अशीच जाते. शेवटच्या टेबलावर ओरडून ती परत येत नाही. पहिल्याच टेबलावर ती नीट उतरवून घेणारा माणूस बसवावा लागतो.