परळच्या दवाखान्याची रांग

मुंबईत जनावरांना दवाखाना मिळण्याच्या पन्नास वर्षे आधी पांजरपोळ मिळाली, आणि तिच्यामागे होती एक दंगल. 1832 च्या जूनमध्ये पोलिसांनी शहरातली भटकी कुत्री मारायला सुरुवात केली. पारशी समाज खवळला, रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. म्हातारी गाय, लंगडा बैल, बेवारशी कुत्रा तिथे मरेपर्यंत पोसला जाई. जनावर बरे होऊन घरी परतेल, ही अपेक्षा मात्र तिथे कोणी धरत नसे.

बरे करण्याचा धंदा दुसऱ्यांच्या हातात होता. घोड्यासाठी सालोत्री किंवा नालबंद, बैलासाठी गावातला जाणता माणूस. खांदेसूज आली की लेप, पाय मुरगळला की डाग. हे सगळेच अडाणीपण होते असे समजू नये. घोड्यांच्या वैद्यकावर संस्कृतात शालिहोत्रापासून ग्रंथ लिहिले गेले आणि हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे. पण गुरांच्या बुळकांडी रोगाची साथ आली की लेप, डाग आणि नवस यांपैकी कशाचाच उपयोग होत नसे.

1874 हे साल या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. ट्रामचे शेकडो घोडे उन्हातान्हात डबे ओढत. त्यांच्या डोक्यावर टोप्या घालत, अशी नोंद बेस्टच्या इतिहासात आहे. गोदीकडच्या बैलगाड्या, व्हिक्टोरिया घोडागाड्या, तबेल्यांतल्या म्हशी हे सगळे धरले तर त्या काळची मुंबई जनावरांच्या पाठीवर चालत होती. त्यात बैलाच्या खांद्याला जखम असूनही जू चढवणारा गाडीवान सापडला, तर संस्थेची माणसे त्याला न्यायाधीशापुढे उभा करत.

पण त्या बैलाला ठेवायचे कुठे? गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी ती सोय केली. त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय परळला 1884 मध्ये उघडले आणि दोन वर्षांनी त्याच्याच आधाराने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी लष्कराने 1862 मध्ये पुण्यात पशुवैद्यक शाळा काढली होती, पण तिला काळजी पलटणीच्या घोड्यांची. परळला गाडीवानाचा बैलही रुग्ण ठरला. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील यांनी आधी ब्रह्मदेशातल्या खेचरांच्या ‘सर्रा’ रोगावर काम केले होते. परळला आल्यावर पाचेक वर्षांतच, 1891 मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कॉलेजातून बाहेर पडणारा पदवीधर नावापुढे ‘जीबीव्हीसी’ लावी. मुंबई इलाख्यातल्या गुरांच्या दवाखान्यांना डॉक्टर मिळू लागले ते याच कॉलेजातून.

त्या काळी रुग्णाचा मालक दवाखान्यात हौसेने येतोच असे नव्हते. 1890 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार न्यायाधीश जखमी जनावर उपचारासाठी पाठवू शके आणि ते कामाला लायक होईपर्यंत तिथेच ठेवता येई. त्याच्या जागी आलेल्या 1960 च्या कायद्यातही ते कलम आहे. जिल्हादंडाधिकारी, मुंबईत पोलीस आयुक्त, दर ठरवतो, मालकाने तो भरायचा, नाही भरला तर जनावर विकता येते. पोटाचे साधन अडकून पडलेल्या गाडीवानाला दवाखाना शिक्षेसारखाच वाटला असणार. त्याचा प्रश्न एकच असे, बैल पुन्हा कधी जुंपता येईल.

नव्या वैद्यकाने आणखी एक पेच आणला. पांजरपोळीत जनावर मारत नसत, मग ते कितीही तळमळो. पाश्चात्त्य पशुवैद्याला मात्र असाध्य वेदनेतून सोडवणे हा उपचाराचाच भाग वाटे. आजच्या कायद्यातही जनावर जगवणे क्रूरपणाचे आहे अशी खात्री पटली, तर न्यायालय त्याला मृत्यू देण्याचा आदेश देऊ शकते. परळच्या या दवाखान्याला पैसा अहिंसेच्या आणि दयेच्या भावनेतून मिळाला आणि शिक्षण युरोपीय पद्धतीचे. आज एखाद्या घरातले लोक म्हाताऱ्या कुत्र्याला ‘झोपवायचे’ की नाही यावर रात्रभर भांडतात, तेव्हा पांजरपोळ आणि कॉलेज दोन्ही त्या घरात असतात.

मग दवाखान्यापुढची रांग बदलली. 1907 मध्ये ट्राम विजेवर गेली आणि घोडे सुटले. टेम्पो-ट्रकांनी बैलगाड्या हटवल्या. उरल्यासुरल्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. बुळकांडीचे तर 2011 मध्ये जगभरातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, आणि पशुवैद्यकाचे एवढे मोठे यश शहरी माणसाच्या गावीही नाही. रिकाम्या जागी कुत्री आणि मांजरे आली. त्यांना कामाला जुंपायचे नसते, म्हणून ‘कामाला लायक’ ही जुनी कसोटी लागू पडत नाही. नवा मालक लसींचे कार्ड आणि मागचे रिपोर्ट घेऊन येतो. रोग काय, तपासण्या कशासाठी, खर्च किती, हे त्याला आधी सांगून हवे असते. ही मागणी रास्त आहे. डॉक्टरची नोंदणी कुठली हेही विचारायला हरकत नाही, कारण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीशिवाय पशुवैद्यकी करण्याला बंदी आहे. किरकोळ उपचारांपुरती राज्याने दिलेली सवलत तेवढी वेगळी.

खर्चाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. 2024 मध्ये टाटा ट्रस्टने महालक्ष्मीला छोट्या प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले. खाजगी दवाखान्यांत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी नेहमीची झाली आहे. माणसाच्या तपासण्या जनावराला लाभल्या, तसे बिलही माणसासारखे झाले. 1960 च्या कायद्यात मालक गरीब असेल तर उपचाराचा खर्च माफ करण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. पण ती मिळायला प्रकरण न्यायालयात जावे लागते. स्वतःच्या पायाने मांजर घेऊन आलेल्या गरिबाला त्या कलमाचा उपयोग नाही. त्याने परळसारखा धर्मादाय दवाखाना गाठायचा, नाहीतर सरकारी.