गोव्यात छापलेला औषधिसंवाद

भारतीय वनौषधींची युरोपला प्रथमच सविस्तर ओळख करून देणारा ग्रंथ १५६३ च्या एप्रिल महिन्यात गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेला हा ग्रंथ ‘कोलोकियुश’, म्हणजे ‘संवाद’, या नावाने ओळखला जातो. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. साहजिकच ग्रंथात मुद्रणदोष विपुल राहिले. परंतु वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र यांच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे.

ओर्ताचा जन्म १६ व्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हिदे या गावी झाला. स्पेनमधून हद्दपार झालेल्या आणि पुढे सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागलेल्या ज्यू घराण्यातील तो होता. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १५३४ मध्ये भारतात आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. गोव्यात त्याचा वैद्यकीचा व्यवसाय चालत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले आणि त्या दरबारातील हकिमांशी चर्चा करून औषधांविषयीची माहिती मिळविली. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते. तेथील आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येतात, असा उल्लेख त्याने या ग्रंथात केला आहे. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचे वर्णनही त्यात आढळते.

ग्रंथाची मांडणी वैशिष्ट्यपूर्ण आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. हिंग, कापूर, दालचिनी, लवंग, अफू, भांग, धोतरा, हळद, नारळ, फणस, विड्याचे पान असे विषय एकामागून एक येतात. रुआनो प्राचीन ग्रीक व अरब ग्रंथकारांचे दाखले देतो, तर ओर्ता वनस्पती कोठे उगवते, बाजारात कोणत्या नावाने विकली जाते आणि येथील वैद्य ती कशी वापरतात, हे सांगतो. स्पेनमध्ये असतो तर गेलेनच्या विरोधात बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही तो देतो. ग्रंथप्रामाण्यापेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला दिलेले हे महत्त्व हेच या ग्रंथाचे खरे मोल होय. अर्थात ओर्ताही आपल्या काळाच्या मर्यादांतून सुटला नव्हता. प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या ‘बेझोअर’ खड्यात विष उतरविण्याचा गुण असतो, यावर त्याचा विश्वास होता.

या ज्ञानामागे स्थानिक माणसे होती. मालुपा नावाचा हिंदू वैद्य आणि सांगितलेली वनस्पती आणून दाखविणारी अंतोनिया ही दासी ग्रंथात नावानिशी येतात. इतर अनेक माहीतगार मात्र अनामिक राहिले. पटकीवरील प्रकरणात क्षीण झालेली नाडी, खोल गेलेले डोळे, उलट्या, जुलाब व पेटके यांचे वर्णन आहे. आशियातील या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेल्या आरंभीच्या तपशीलवार वर्णनांत त्याची गणना होते. तेथे ओर्ताने दिलेले रोगाचे स्थानिक नाव म्हणजे आपल्या परिचयाची ‘मोडशी’ होय.

ग्रंथाचा युरोपभर प्रसार झाला तो मूळ रूपात नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याने १५६७ मध्ये अँटवर्प येथून त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. त्यात संवाद गळाले आणि केवळ औषधींची माहिती उरली. युरोपातील विद्वानांनी दीर्घकाळ वाचला तो हाच संक्षेप.

लेखकाच्या वाट्याला मात्र वेगळेच भोग आले. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले होते. १५६८ मध्ये ओर्ताचा मृत्यू झाला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर मरणोत्तर दोषी ठरवून १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. हयातभर प्रतिष्ठा लाभलेल्या या वैद्याला मृत्यूनंतरही घराण्याचा धर्म चुकला नाही.

ज्या सत्तेने लेखकाच्या अस्थी जाळल्या, तिला त्याचे लेखन पुसता आले नाही. काउंट फिकाल्यो याने १८९१ ते १८९५ या काळात मूळ पोर्तुगीज ग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली आणि तिच्या आधारे क्लेमंट्स मार्कहॅमचे इंग्रजी भाषांतर १९१३ मध्ये निघाले. त्यामुळे लॅटिन संक्षेपात हरवलेले संवाद, त्यांतील मालुपा व अंतोनिया यांच्यासह, पुन्हा अभ्यासकांपुढे आले. पणजीतील उद्यानाला ओर्ताचे नाव आहे. तथापि, सोळाव्या शतकातील कोकणचे बाजार, तेथील औषधी आणि त्या जाणणारी माणसे आजही भेटतात ती या ग्रंथाच्या पानांतच.