डबाबंद अन्नाची निर्यात-नोंदणी आणि बऱ्हाणपूरची केळी

परदेशी बाजारात हवाबंद डब्यातून किंवा पिशवीतून अन्न पाठवणाऱ्या कारखान्याने आयात करणाऱ्या देशाच्या अन्ननियामकाकडे करावयाची नोंद. अमेरिकेच्या पद्धतीत, जी या विषयात सर्वांत तपशीलवार आहे, तिचे दोन भाग पडतात. कारखाना कुठे आहे, मालक कोण, तिथे काय बनते, ही माहिती पहिल्या भागात येते. दुसऱ्या भागात एकेक पदार्थ कोणत्या आकाराच्या डब्यात भरतात, किती अंशांपर्यंत व किती वेळ तापवतात, त्याची आम्लता किती, हे नोंदवावे लागते. पहिला भाग तिकडे अन्न पाठवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याला लागू आहे. दुसरा ठरावीक पदार्थांनाच. केळीचा गर त्या ठरावीक पदार्थांत मोडतो, आणि बऱ्हाणपूर जिल्ह्याची बागायती शेती केळीवर उभी आहे.

तापीकाठचे, मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. राज्याची हद्द मध्ये असली तरी पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या रावेर-यावलशी इथली माती, पाणी, पीक आणि बोलणेचालणे जोडलेले आहे. केळीचा पट्टा सलग एकच. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २९ जून २०२० रोजी सुरू झाली, ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून बऱ्हाणपूरला केळी मिळाली. या योजनेतून लहान उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. त्यातून यंत्र येते. डबा परदेशी बंदरात उतरवून घेतला जाईल की नाही, हे मात्र त्या यंत्रातून निघालेल्या मालाबद्दल काय आणि कसे नोंदवले गेले यावर ठरते.

आम्लतेची रेघ. हवाबंद अन्नाचा सगळा कायदा ४.६ या पीएच-मूल्याभोवती फिरतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची बीजुके उकळत्या पाण्यातही तग धरतात, आणि डब्यात हवा नसली की त्यांना उगवायला अनुकूल जागा मिळते. वाढताना हा जिवाणू जे विष तयार करतो ते अत्यल्प मात्रेतही माणसाचे स्नायू लुळे पाडते. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर तो वाढत नाही. म्हणून पीएच ४.६ पेक्षा जास्त आणि जल-सक्रियता (जिवाणूंना वापरता येणाऱ्या पाण्याचे माप) ०.८५ पेक्षा जास्त असलेले अन्न ‘कमी आम्लाचे’ ठरते. ते रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, तापवावे लागते. डब्याच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या भागाला १२१ अंश सेल्सिअसवर सुमारे तीन मिनिटे ठेवल्याइतका उष्णतेचा परिणाम पोचला पाहिजे, हा त्यातला किमान दंडक.

आंब्याचा पल्प सहसा या रेघेच्या सुरक्षित बाजूला राहतो. कोकणात ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून जो माल ८५० ग्रॅमच्या किंवा ३.१ किलोच्या डब्यांत भरला जातो, त्याला निसर्गतः आंबट फळाची सवलत मिळू शकते; फळ फार पिकलेले असेल तर पीएच चढतो, तेवढे पाहावे लागते. केळ्याला ही सवलत नाही. पिकलेल्या केळ्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.२ या पट्ट्यात असतो आणि पिकण्याच्या टप्प्यानुसार बदलतो. एकाच बागेतल्या, एकाच दिवशी उतरवलेल्या दोन घडांचा गर रेघेच्या दोन बाजूंना पडू शकतो. केळ्याचा गर रिटॉर्टमध्ये घालावा तर तो तपकिरी-गुलाबी पडतो आणि चवही शिजल्यासारखी होते. म्हणून गरात सायट्रिक आम्ल मिसळून पीएच खाली आणतात, रंग टिकावा म्हणून ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात आणि मग सौम्य उष्णतेवर काम भागवतात. अशा अन्नाला अमेरिकी कायद्यात ‘आम्लीकृत अन्न’ अशी स्वतंत्र वर्गवारी आहे. लिंबाचा रस घालून बाटलीत भरलेली हिरवी मिरची याच वर्गात येऊ शकते.

केळीचे वेफर्स आणि केळीपूड यांत पाणीच एवढे कमी असते की हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांना नोंदणीचा पहिला भाग पुरतो. बऱ्हाणपूरच्या उद्योजकाने गुंतवणुकीआधी हा फरक नीट समजून घ्यावा. वेफर्सकडून प्युरीकडे, म्हणजे गराकडे, जाणे म्हणजे नवे यंत्र घेणे एवढेच नव्हे; कायद्याच्या दृष्टीने तो वेगळाच धंदा आहे.

नियमांचा उगम. १९७१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यात ‘बॉन व्हिव्हान’ कंपनीचे डबाबंद बटाट्याचे सूप खाऊन एका गृहस्थाचा बॉट्युलिझमने मृत्यू झाला. त्याच डब्यातले सूप चाखलेली त्याची पत्नी गंभीर आजारी पडली. डबे पुरेसे तापवले गेले नव्हते. कंपनी बुडाली, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कमी आम्लाच्या डबाबंद अन्नासाठी सक्तीचे नियम केले. १९७९ मध्ये आम्लीकृत अन्नाचे नियम स्वतंत्र झाले. आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता असलेल्या कोडेक्सची या दोन्ही प्रकारांसाठीची आचारसंहिताही १९७९ चीच. आज रावेरच्या केळ्याचा पीएच कागदावर मागितला जातो त्यामागे त्या पतिपत्नीने उघडलेला डबा आहे. मागणी जाचक वाटली तरी ती निष्कारण नाही.

अमेरिकी नोंदणीची रचना. पहिला भाग म्हणजे अन्न-आस्थापनेची नोंदणी. ती २००२ च्या जैवदहशतवाद-विरोधी कायद्याने आली आणि २०११ च्या अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायद्याने कडक झाली. प्रत्येक सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात ती नव्याने करावी लागते. राहून गेली तर रद्द होते. परदेशी कारखान्याला अमेरिकेत राहणारा किंवा तिथे कार्यालय असणारा एक प्रतिनिधी नेमावा लागतो.

दुसऱ्या भागात आधी ‘फूड कॅनिंग एस्टॅब्लिशमेंट’ म्हणून कारखान्याची वेगळी नोंद होते. तिचा अर्ज २५४१ क्रमांकाचा, आणि त्यावर मिळणारा क्रमांक व्यवहारात ‘एफसीई नंबर’ म्हणून ओळखला जातो. मग प्रत्येक पदार्थाची, प्रत्येक डब्याच्या आकाराची आणि प्रत्येक पद्धतीची नियत प्रक्रिया दाखल करायची. रिटॉर्टमधल्या मालासाठी अर्ज २५४१-डी, आम्लीकृत मालासाठी २५४१-ई, जल-सक्रियतेवर नियंत्रण ठेवलेल्यासाठी २५४१-एफ आणि कमी आम्लाच्या ॲसेप्टिक, म्हणजे आधी निर्जंतुक करून निर्जंतुक वेष्टनात भरलेल्या, मालासाठी २५४१-जी. प्रत्येक दाखल प्रक्रियेला ‘एसआयडी’ हा ओळखक्रमांक असतो. केळ्याची तीच प्युरी ॲसेप्टिक पिशवीच्या ड्रममध्ये भरली तर एक एसआयडी, ८५० ग्रॅमच्या डब्यात भरली तर दुसरा. अमेरिकेतल्या कारखान्याला नोंदणीसाठी काम सुरू केल्यापासून दहा दिवसांची मुभा आहे. परदेशी कारखान्याला माल तिथे देऊ करण्यापूर्वीच हे सगळे पुरे करावे लागते. एसआयडी नसलेला माल बंदरात तपासणीशिवायही अडवला जाऊ शकतो.

दाखल केलेली प्रक्रिया कारखानदाराने मनाने ठरवलेली चालत नाही. उष्णताप्रक्रियेचे शास्त्र जाणणाऱ्या पात्र तज्ज्ञाने ती ठरवून द्यावी लागते. कामावर देखरेख करणाऱ्याने ‘बेटर प्रोसेस कंट्रोल स्कूल’ हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आम्लीकृत अन्नाचा अंतिम समतोल पीएच ४.० च्या वर असेल तर तो पीएच-मीटरनेच मोजायचा. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या चालत नाहीत. केळ्याचा गर बहुधा याच टप्प्यात येतो. त्यामुळे रोज प्रमाणित केलेला मीटर आणि तो नीट वापरणारा माणूस ही प्युरी-कारखान्याची पहिली गरज ठरते. कमी आम्लाच्या डब्यांच्या बाबतीत सीमची, म्हणजे झाकणाच्या दुमडलेल्या जोडाची, नुसत्या डोळ्यांनी तपासणी जास्तीत जास्त दर ३० मिनिटांनी आणि सीम उलगडून मोजणी जास्तीत जास्त दर चार तासांनी करायची असते. नोंदवह्या तीन वर्षे जपाव्या लागतात. शिवाय २०११ च्या कायद्यातली धोका-प्रतिबंधक आराखड्याची सक्ती कमी आम्लाच्या डबाबंद अन्नाला जिवाणूंच्या बाबतीत माफ आहे, पण आम्लीकृत अन्नाला माफ नाही. केळ्याची प्युरी बनवणाऱ्याला दोन्ही व्यवस्था सांभाळाव्या लागतात.

भारतातील कागदपत्रे. निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो, आणि प्रक्रिया केलेल्या फळ-भाज्यांसाठी अपेडाचे, म्हणजे कृषी व प्रक्रियाकृत अन्न निर्यात विकास प्राधिकरणाचे, नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र. अपेडा १९८५ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि तिचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. कारखान्याला एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना हवा. १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाखालचे जुने ‘एफपीओ’ परवाने २०११ मध्ये त्यात विलीन झाले. यांतला कोणताही कागद एफसीई क्रमांकाची जागा घेत नाही, आणि एफसीई क्रमांक यांची.

इतर बाजारपेठा. चीनने १ जानेवारी २०२२ पासून परदेशी अन्न-कारखान्यांची नोंद सक्तीची केली आणि नोंदणी क्रमांक वेष्टनावर छापायला लावला. युरोपीय संघ वनस्पतिजन्य डबाबंद मालाच्या कारखान्याला सामान्यतः पूर्वनोंदणी मागत नाही, मात्र धोका-विश्लेषण पद्धती आणि कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा कसोशीने पाहतो. कॅनडात १५ जानेवारी २०१९ च्या नियमांनंतर परवान्याचा भार मुख्यतः आयातदारावर आहे.

शेजारचा दाखला. या पट्ट्यातले अनुभवी घराणे जळगावचे. १९७८ साली भवरलाल जैन यांनी केळीपूड बनवणारा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढून ते परदेशी पाठवले. पुढे त्यांच्या जैन समूहाने फळांचा गर आणि निर्जलित कांदा यांच्या निर्यातीत मोठे नाव मिळवले. हे दोन्ही पदार्थ एकाच समूहाचे असले तरी नोंदणीच्या दृष्टीने वेगळे: सुकवलेल्या कांद्यात पाणी फार कमी असते, म्हणून त्याला नियत प्रक्रिया दाखल करण्याचे कारण नाही, आम्ल घातलेल्या केळ्याच्या गराला आहे.

सावधगिरी. आस्थापनेची नोंदणी, एफसीई आणि एसआयडी यांसाठी एफडीए शुल्क घेत नाही. नोंदणीचे कोणतेही प्रमाणपत्रही ती देत नाही. झेंडा, मुद्रा आणि सोनेरी किनार असलेली जी प्रमाणपत्रे लहान कारखानदारांना विकली जातात ती खासगी संस्थांची असतात. त्यांना शासकीय मोल नाही. प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या संस्थेने आपल्या सेवेचे पैसे घेणे रास्त आहे, पण ‘एफडीए-मान्यता’ विकणे ही फसवणूक आहे. क्रमांक मिळणे म्हणजे माल संमत होणे नव्हे. लेबलावर तसे सुचवणेही चालत नाही. उद्योजकाने नोंदणीच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, कारण प्रतिनिधीशी बिनसले आणि खाते त्याच्याच हाती असले तर सम वर्षाच्या डिसेंबरात नूतनीकरण अडकते. प्रत्येक खेपेची पूर्वसूचनाही एफडीएला वेगळी द्यावी लागते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठी ती पोचण्याच्या किमान आठ तास आधी. आम्लाचे प्रमाण, भरण्याचे तापमान किंवा डब्याचा आकार बदलला तर आधी तज्ज्ञाचा निर्णय घ्यायचा, बदललेली प्रक्रिया दाखल करायची आणि त्यानंतरच त्या प्रक्रियेचा माल निर्यातीसाठी भरायचा.