किनारा शांत कधी झाला?

एस्टी किंवा बाईक, पाठीवर एक सॅक, आणि हरिहरेश्वरपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्र उजव्या हाताला धरून निघायचं, हा बेत हल्ली बऱ्याच जणांच्या यादीत असतो. मीही दोनदा केलाय, ऑफिसचा लॅपटॉप सॅकमध्ये कोंबून. परत आलेला प्रत्येक जण म्हणतो, "काय शांत आहे रे!" आज या शांततेबद्दलच बोलायचंय. कारण ती फार जुनी नाहीये.

हा किनारा म्हणजे कोकणाचं पुढचं दार होतं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, विकायला आणलेला घोडा घेऊन जुन्नरला गेला, आणि परत जाताना दाभोळहून जहाजात चढला. आपण आता सोलो ट्रॅव्हल म्हणतो ना, तेच. दाभोळच्या धक्क्याजवळ मोठी मशीद आहे. एवढ्याशा गावात एवढी मशीद कशाला, याचं उत्तर समोरच्या खाडीत आहे.

मग आली आगबोट. मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत जायची. बऱ्याच बंदरांत पाणी उथळ, त्यामुळे बोट लांब उभी राहायची आणि पडाव तिला जाऊन भिडायचे. ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या, आंब्याच्या पेट्या, सगळं हलत्या पडावातून. आमच्या धंद्यात ज्याला लास्ट माइल म्हणतात, तो इथं वल्ह्यांवर चालायचा.

पावसाळ्यात लांबच्या बोटी बंद, जवळच्या मात्र चालू. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. जे वाचले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी बाहेर काढलं.

पुढे रस्ता आला, पण आतून. बंदरं खाडीच्या मुखाशी, तिथं पात्र रुंद. पूल बांधायचा तर वर, अरुंद जागी. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग महाड, चिपळूण, राजापूर असा गेला. १९९८ ला पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वेसुद्धा बरीचशी आतूनच. आगबोटी बंद पडल्या आणि पुढचं दार परसदार झालं. आपल्याला आवडते ती शांतता ही अशी तयार झालीय.

आणि ती आपल्यापुरतीच, बरं का. संध्याकाळी हर्णैला मासळीच्या लिलावात उभे राहा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होणार आहेत. आपल्यासारख्यांना वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण फेरी बंद झाल्यावर रात्री धोपाव्याहून पेशंट दाभोळला न्यायचा, तर सगळी खाडी वळसा घालून जावं लागतं. त्या घरातल्या माणसाला आपली शांतता काय कामाची? मी पुलाच्या बाजूने आहे, कुरकुरत का होईना.

तोवर २००३ पासून चालू असलेली दाभोळ-धोपावे फेरी आहेच. गाडी चढवा, वरच्या डेकवर जा आणि उजवीकडे बघा. खाडीचं तोंड दिसेल. निकितिनचं जहाज तिथूनच बाहेर पडलं.

भेटू पुढच्या भागात.