शरदातील करवीर

मराठ्यांच्या इतिहासातील सनावळ्या मुखोद्गत करणारास त्या सनावळ्यांमागील महिन्यांकडे पाहण्याची सवड क्वचितच होते. परंतु एकदा का महिन्याकडे लक्ष गेले, की पुष्कळ घटनांतील कार्यकारणभाव आपोआप उलगडू लागतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला, त्यानंतर अवघ्या 18 दिवसांत, म्हणजे 28 नोव्हेंबरला, पन्हाळ्यासारखा बेलाग किल्ला शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या 28 तारखेस कोल्हापुरानजीक आदिलशाही सरदार रुस्तुमजमानच्या फौजेचा मोड झाला. हा वेग महाराजांच्या प्रतिभेचा खराच. तथापि नद्यांना उतार मिळालेला, वाटा वाळलेल्या आणि घोड्यांना रानोमाळ गवत उभे असलेले, असा जो काळ असतो त्याचेही त्यात मोठे साहाय्य होते. पुढच्याच वर्षी आदिलशाहीच्याच सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घालून तो ऐन पर्जन्यकाळातही नेटाने चालविला, तेव्हा जुलैच्या एका रात्री कोसळणाऱ्या पावसाचा आडोसा घेऊन महाराज निसटले. या मुलखात पावसाळा सुटकेचा, आणि शरदापासून पुढचा काळ मुलूखगिरीचा.

करवीराच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, शरद ऋतूचे स्वरूप समजण्यास येथील भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर, गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेस शिरोळच्या काळ्या रानात त्याचा जेमतेम दशांश पडतो. या दोहोंच्या मध्ये, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती प्रयाग चिखलीस एकत्र आणणाऱ्या पंचगंगेच्या काठी, कोल्हापूर वसले आहे. पावसाळ्यात या नदीचे पाणी काठ सोडून शेतांत शिरते, गावोगावचा संपर्क तुटतो, आणि भाद्रपद सरता सरता एकाएकी आभाळ निवळते. ढगांचे छत्र दूर झालेले, भूमी अद्याप ओली, आणि सूर्य मात्र प्रखर, अशा त्रिविध कारणाने आश्विनातील ऊन वैशाखाच्या उन्हाहून अधिक बोचते. आयुर्वेदाने शरदास पित्तप्रकोपाचा काळ मानले, आणि दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवविलेले जे जल, त्यास हंसोदक अशी संज्ञा देऊन ते पिण्याचा उपदेश चरकाने केला. कोजागरीस चांदण्यात दूध ठेवण्याची जी रीत आपण पाळतो, ती मला याच विचाराशी निकट वाटते.

याच शरदातील नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी ललितापंचमीस त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते व तेथे कोहळ्याचा बळी होतो. खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होते. आणि विजयादशमीस सूर्यास्ताच्या सुमारास दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होऊन सोने लुटले जाते. सीमोल्लंघन हे आज केवळ समारंभाचे रूप उरले असले, तरी एके काळी त्याच दिवशी फौजा मुलखाबाहेर पडत. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, दरबार गेला, सरंजाम गेले. दसऱ्याचा सोहळा मात्र कोल्हापूरकरांनी टिकवून धरला.

तथापि शरदाचे खरे राज्य मला दसरा चौकापेक्षा गुऱ्हाळात दिसते. पावसाळ्यात उसाच्या कांड्यांत पाण्याचा अंश फार असतो. रात्री गार पडू लागल्या, की वाढ मंदावून साखर साठू लागते, आणि मग चुलवाणे पेटतात. घाण्यातून निघालेला रस काहिलीत चढतो, जळव्या वाळलेले चिपाड सारखे आगीत सारीत राहतो, रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी वर काढली जाते, आणि गुळव्या उकळीच्या बुडबुड्यांवरून व पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून पाक ओळखतो. क्षणभर आधी काहील उतरली तर गूळ बांधत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. या एका निर्णयावर सबंध आधणाची किंमत अवलंबून असते, आणि कोणत्याही यंत्रापेक्षा त्या माणसाच्या डोळ्यांचा मला अधिक आदर वाटतो. पाक वाफ्यात ओतून निवला की त्याचे रवे घातले जातात. दमट हवेत गूळ पाझरतो. तो टिकण्यास कोरडी हवा हवी, आणि ती आश्विनाच्या पुढेच मिळते.

हा माल पूर्वी बैलगाड्यांनी फोंडा, आंबा, अणस्कुरा अशा घाटांवाटे कोकणात उतरे. पावसाळ्यात हे घाट जवळजवळ बंदच, आणि खाली किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रामुळे बंदरेही निजलेली. म्हणून घाटमाथ्यावरची उघडीप व खालच्या समुद्राची शांतता ही एकाच वेळी व्यापारास मोकळीक देत असे. 1891 साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि हा सारा हिशेब पालटला. दोन एप्रिल 1894 रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, स्थानकाच्या परिसरात शाहूपुरी ही पेठ वसविली, आणि तिचा मुख्य जिन्नस गूळ ठरला. रयतेच्या उसास घाटावरील अडत्याच्या मर्जीऐवजी रेल्वेच्या डब्याचा आधार मिळावा, हा यातील हेतू मला महाराजांच्या इतर अनेक कामांइतकाच मोठा वाटतो. गुजरातेत कोल्हापुरी गुळाची जी मागणी वाढली, तिची वाट या पेठेतूनच गेली. भोगावतीवर राधानगरीचे धरणही याच दूरदृष्टीतून सुरू झाले. महाराज 1922 मध्ये निवर्तले, आणि ते धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

आजही दिवाळीच्या पाडव्यास शाहू मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. मात्र साखर कारखान्यांनी ऊस आणि मजूर दोन्ही ओढून नेले, गुऱ्हाळे उणावली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने चुलवाण पेटत नाही. ते पेटते चिपाडाने, आणि चिपाड वाळावे लागते उघड्या मैदानात. परतीचा पाऊस दुपारी पूर्वेकडून गडगडत येऊन त्या ढिगांवर कोसळला, की पुढचे कित्येक दिवस ओले चिपाड पेट घेत नाही, ऊस फडात उभा राहतो, आणि पाडव्याच्या सौद्यात मोजकेच रवे येतात.